साथ मजुरांनी पसरवली की निर्णयांनी? गणिताला विचारू या

२०२० च्या उन्हाळ्यात मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा "हे लोक रोग घेऊन येताहेत" हे वाक्य गावोगावच्या वेशीवर ऐकू आले. काट्या टाकून रस्ते अडवले गेले. एखाद्या समूहाच्या शरीरालाच घाण आणि रोग चिकटवायची सवय या देशाला जुनीच आहे. तिला आपण अस्पृश्यता म्हणतो. या वाक्याचा संताप आम्हालाही येतो, पण संतापाने वाक्य खोटे ठरत नाही. ते खोटे ठरवायचे तर हिशोब मांडावा लागतो. तो मांडणारे शास्त्र उपलब्ध आहे आणि त्याच्या मुळाशी आपलीच मुंबई आहे.

१९२७ साली करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी साथीच्या गणिताचा पायाभूत निबंध लिहिला. मॅकेंड्रिक यांनी त्याआधी भारतात वैद्यकीय सेवेत काम केले होते. आपले समीकरण पडताळायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबईत १९०५-०६ मध्ये प्लेगने दर आठवड्याला झालेल्या मृत्यूंचे. मांडणी सोपी आहे. लोकसंख्येचे तीन गट करा: लागण होऊ शकते असे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा मेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे किती वेगाने जातात, यावर साथ वाढणार की ओसरणार ते ठरते.

पण या मांडणीत दोन गृहीतके आहेत. एक, शहर बंदिस्त आहे. कोणी येत नाही, कोणी जात नाही. दोन, प्रत्येक माणूस प्रत्येकाशी सारखाच मिसळतो. मुंबईपुरती ही दोन्ही खरी नाहीत. १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. आणि सारखे मिसळण्याचे म्हणाल, तर जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली आढळली, बाहेरच्या वस्तीत सुमारे १६ टक्के. वॉर्ड तेच, महिने तेच, विषाणूही तोच. फरक होता तो दहा बाय दहाच्या खोलीचा आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेचा.

म्हणून पुढच्या संशोधकांनी गणित सुधारले. देशाचे एकच भांडे न धरता शहर, जिल्हा, गाव अशी अनेक भांडी धरली आणि त्यांच्यामधून वाहणारी माणसे मोजली. या गणिताचा एक निष्कर्ष प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. गावात पोहोचणारे बाधित म्हणजे निघालेल्या माणसांची संख्या गुणिले निघतेवेळी त्यांच्यातले बाधितांचे प्रमाण. निघालेल्यांची संख्या सगळ्यांना दिसते. प्रमाण मात्र ते कधी निघाले आणि तोवर त्यांना कुठे कोंडले होते, यावर ठरते.

समजा दहा लाख मजुरांना घरी जायचे आहे आणि आज दहा हजारांत एक बाधित आहे. आज सोडले तर १०० बाधित गावी पोहोचतील. लागण दर आठवड्याला दुप्पट होते असे धरा आणि त्यांना पाच आठवडे कोंदट खोल्यांत थांबवून मग सोडा. प्रमाण ३२ पट होईल आणि पोहोचतील ३,२००. माणसे तीच, गावे तीच. वाढलेल्या ३,१०० चा हिशोब कोणाच्या नावे लिहायचा?

प्रत्यक्षात २४ मार्च २०२० ला रात्री ८ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. श्रमिक रेल्वे सुरू झाल्या १ मे रोजी, म्हणजे पाच आठवडे उलटल्यावर. त्या गाड्या सुरू होऊनही चालणे थांबले नव्हते. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्याच महिन्यात सार्वजनिक आरोग्य आणि साथरोग तज्ज्ञांच्या तीन संघटनांनी संयुक्त निवेदनात म्हटले, की साथ अगदी कमी असताना मजुरांना घरी जाऊ दिले असते तर ही वेळ टाळता आली असती.

कोणी विचारेल, मग प्रवासबंदी चूकच का? तसे आम्ही म्हणत नाही. गणित सांगते की प्रवास ९० टक्क्यांनी कमी केला तर साथीचे आगमन लांबते. साथ दहापट व्हायला जितका काळ लागतो, साधारण तितके. आठवड्याला दुप्पट होणाऱ्या साथीत हे जेमतेम सव्वातीन आठवडे. म्हणजे बंदी वेळ विकत घेऊन देते. त्या वेळात काय केले आणि त्याची किंमत कोणाच्या पोटातून वसूल केली, हा राजकीय प्रश्न आहे. दुसरा मार्ग नव्हता असेही नाही. कारखान्यांच्या तळावर १४ दिवस काढलेल्या ऊसतोड मजुरांना तपासून गावी पाठवायला महाराष्ट्र सरकारने एप्रिलमध्येच परवानगी दिली होती. जे बीडच्या कोयत्यासाठी जमले, ते बाकीच्यांसाठी का जमले नाही?

कारण ज्यांना मोजलेच नाही त्यांचे नियोजन होत नाही. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांच्या नोंदणीची तरतूद १९७९ च्या कायद्यात होती. तरी सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती नाही. जो जिवंतपणी नोंदवहीत नाही, तो मेल्यावर कुठून येणार? या मजुरांत दलित, आदिवासी, भटके-विमुक्त मोठ्या संख्येने आहेत. आकड्यांची ही पोकळी कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको.

आणि आपल्यासाठी स्थलांतर हा समीकरणातला निव्वळ प्रवाह नाही. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधातच दाखवले होते, की शेतीवर साचलेले जादा श्रम उद्योगाकडे वळल्याशिवाय दुखणे बरे होणार नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकी सोडून गिरणी, गोदी, रेल्वे गाठली ती पोटासाठी आणि माणूस म्हणून उभे राहण्यासाठीही. देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे. साथीच्या नावाने त्यावर मर्यादा येऊ शकते, पण ती आधाराशिवाय आणि चार तासांच्या मुदतीत लादली तर ती गरिबाला दिलेली शिक्षा होते.

म्हणून आमचे तरुणांना सांगणे आहे: गणिताला घाबरू नका आणि त्याला सत्ताधाऱ्यांचे हत्यार म्हणून सोडूनही देऊ नका. संख्याशास्त्र शिका, साथरोगशास्त्रात शिरा. पुढच्या साथीत कोणी प्रतिमान मांडले की विचारा: यात वस्ती धरली आहे का? खोलीत किती माणसे धरली? मजूर कोणत्या दिवशी निघतील असे मानले? मजुरीचे पैसे, रेशन आणि प्रवासाची सोय कोणत्या रकान्यात आहे? आपल्या जिल्ह्यात हंगामी मजुरांची नोंद होते का, हे आजच जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा. साथ आल्यावर हा अर्ज करायला उशीर झालेला असेल.

जय भीम!