वजनासाठी एकासणं? मला मान्य नाही



मुलगी कॉलेजला गेली आणि अंगानं जरा भरली की आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात. पहिलं, "बाहेरचं खाऊन खाऊन फुगली." दुसरं, "चातुर्मास आलाच आहे, एकासणी करून घे, उतरेल." यातलं पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं मात्र साफ चूक आहे, धर्माच्या हिशोबानं आणि शरीराच्याही. आज मला त्या दुसऱ्या वाक्याशी भांडायचं आहे. कारण ते कोणी परकं बोलत नाही. आपण बोलतो. आई, मामी, काकी, आत्या, वहिनी, आपणच.

आधी अर्ध्या खऱ्याचं बोलून घेऊ. कॉलेजातल्या मुलीचा दिवस बघा. सकाळी दूध पिऊन पळते. प्रॅक्टिकल असलं की घरी यायला पाच वाजतात. आपल्या गोंदियात मुंबईपेक्षा सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचलाच चोविहाराची वेळ होते. पोरगी दमून घरी येते, हातपाय धुते आणि जेवणाची वेळ संपलेली असते. नागपूर, रायपूर, पुण्याला होस्टेलला असेल तर विचारायलाच नको. मेसचं रात्रीचं जेवण आठला आणि मैत्रिणींचा बाहेर जायचा बेतही आठला. गेली तर मनाला टोचणी. नाही गेली तर "आल्या बघा साध्वीजी" अशी थट्टा. म्हणून ती जाते, आणि गटात वेगळं दिसू नये म्हणून चार घास जास्तच खाते. किंवा जात नाही, उपाशी झोपते आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कँटीनमध्ये दोन समोसे खाते. वजन असंच वाढतं.

त्यात आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे मेनूकार्डावरचा "जैन" हा शब्द. जैन पिझ्झा, जैन बर्गर, कच्च्या केळ्याची जैन पावभाजी. कांदा-लसूण-बटाटा नाही म्हटलं की आपण निश्चिंत. पण मैदा तोच, चीज तेच, लोण्याचा गोळा तोच. कंदमूळ गेलं म्हणजे जीवदया सांभाळली. तेवढ्यानं पदार्थ हलका होत नाही. मुलींना हा फरक आपण कधी समजावून सांगतो का?

आणि आपण काय करतो तेही बघा. आपल्या लग्नांमध्ये चाटचा काउंटर, पास्त्याचा काउंटर, चार तऱ्हेची मिठाई, वर आइस्क्रीम. कितीतरी ठिकाणी हे सगळं सूर्यास्तानंतर. तिथे आपण म्हणतो, "अगं घे ना, एक दिवस तर आहे." तीच मुलगी मैत्रिणीच्या वाढदिवसाला अंडं नसलेल्या केकचा तुकडा खाते तेव्हा मात्र संस्कार बुडतात. कॉलेजला दोष देण्याआधी आपल्या हॉलमधलं ताट बघावं.

आता मुख्य मुद्दा.

एकासणं, बियासणं, आयंबिल, उपवास हे तप आहे. तप कशासाठी? कर्मनिर्जरेसाठी. तपाच्या बदल्यात संसारातलं काही मागणं याला आपल्या शास्त्रात नाव आहे, निदान. माया, निदान आणि मिथ्यात्व ही तीन शल्यं. शल्य म्हणजे आत रुतलेला काटा. तत्त्वार्थसूत्र सांगतं की ज्याच्यात शल्य नाही तोच खरा व्रती. मग "ओळी केली, चार किलो उतरले" हे काय झालं? राज्य मागितलं तर निदान आणि सडपातळ कंबर मागितली तर तप, असं कसं चालेल? नवपदाच्या ओळीत विगई सोडायच्या त्या जिभेवर ताबा यावा म्हणून. आरशासाठी नाही.

कोणी म्हणेल, हेतू काहीही असो, त्या निमित्तानं मुलगी धर्माकडे वळते ना? मला उलटं दिसतं. वजनासाठी पच्चक्खाण घेणारी मुलगी वजन उतरलं नाही की तपालाच कंटाळते. उतरलं तर तिला त्याचं व्यसन लागतं. आमच्याच नात्यातल्या एका मुलीनं एकोणिसाव्या वर्षी पर्युषण झाल्यावरही एकासणी थांबवली नाहीत. सगळे कौतुक करत होते, "किती धर्मी पोर!" तिची पाळी चार महिने आली नव्हती. केस गुच्छागुच्छानं गळत होते. शेवटी ती कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा घरच्यांनी रक्त तपासलं. मैत्रिणींनो, पाळी थांबणं हे तपाचं तेज नाही. शरीर हाक मारत असतं.

थोडे आकडे सांगते, कारण आकड्यांशी वाद घालता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह पुरतं, तर बाईला २९ लागतं. आता आपलं ताट आठवा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही. चातुर्मासात पालेभाजी बंद. ते बरोबरच आहे, मी स्वतः पाळते. पण मग त्या दिवसांत डाळ, चणे, मूग, मठ दुप्पट शिजायला हवेत ना? बहुतेक घरांत भाताचा ढीग आणि वर पळीभर पातळ वरण असतं. त्यातूनही एक जेवण कापलं तर त्या पोरीच्या अंगात काय राहणार?

आणि ती "जाड" तरी असते का? ५ फूट २ इंच उंचीच्या मुलीचं वजन साधारण ४६ ते ५६ किलो असलं तर ते योग्य. भारतीयांसाठी डॉक्टर लावतात त्या कडक मापानंही योग्य. तरी ५४ किलोच्या मुलीला आपण लग्नाच्या पंगतीत सगळ्यांसमोर "जरा कंट्रोल कर गं" म्हणतो. हे आरोग्याचं बोलणं नाही. हे बायोडाटाचं बोलणं आहे. "वर्ण गोरा, बांधा सडपातळ." परिचय संमेलनाच्या पुस्तकात मुलीच्या डिग्रीच्या शेजारी तिचा बांधा छापतात. मुलांच्या पानावर बांधा लिहिलेला मी क्वचितच पाहिला आहे.

काही वर्षांपूर्वी घरोघरी "दीक्षित की दिवेकर" हा वाद रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणायचे, कडकडून भूक लागते अशा दोनच वेळी जेवा, ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवा, रोज ४५ मिनिटं चाला. त्यांनी ही वाट आपल्या विदर्भाच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांवरून घेतली. ऋजुता दिवेकर म्हणायच्या, घरचं, गावचं, थोडं थोडं आणि वेळेवर खा. आपल्याकडे लगेच सगळे म्हणू लागले, "बघा, दीक्षितांचं म्हणजे आपलं बियासणंच!" मला तेव्हाही हे पटलं नव्हतं. दोन जेवणं दिसायला सारखी. पण तिथे साखरेचा, इन्शुलिनचा हिशोब आहे. इथे पच्चक्खाण आहे. पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या काकांना जे मानवलं ते एकोणीस वर्षांच्या, रक्त कमी असलेल्या मुलीला मानवेलच असं नाही. डाएट करायचं तर डॉक्टरांना विचारून डाएट म्हणून करा. त्याला तपाचं नाव देऊ नका.

"मग मुलींना फुगू द्यायचं का?" असं विचाराल. मुळीच नाही. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली, वजन भराभर वाढायला लागलं, पाळी अनियमित झाली तर ते टोमण्यांनी सुटणार नाही. थायरॉइड असेल, पीसीओडी असेल. डॉक्टरांकडे न्या. आणि रोजच्यासाठी आपल्याकडे एक तप आहे, ज्याचा सत्कार होत नाही, वरघोडा निघत नाही, म्हणून आपण ते विसरलो. ऊणोदरी. बारा तपांमध्ये अनशनाच्या लगेच नंतर तिचाच नंबर. भुकेपेक्षा थोडं कमी खायचं. परंपरेत बाईचा पूर्ण आहार २८ घासांचा धरतात. त्यातला एक घास कमी केला तरी ऊणोदरी झाली. म्हणजे सत्तावीस घास खायचेच आहेत! उपाशी राहायला कोणी सांगितलेलं नाही. मैत्रिणींसोबत बसायचं, हसायचं, चार घास खायचे आणि पाचव्याला हात आवरायचा. उपवासापेक्षा हे अवघड आहे, आणि कॉलेजच्या वयात शिकायला हवं ते हेच.

पण ऊणोदरी करायला आधी ताट भरलेलं हवं. ते आपलं काम. सकाळी निघताना मूगडाळीचा चिला किंवा बेसनाचा पुडा. डब्यात पोळीबरोबर भिजवलेल्या मुगाची किंवा चण्याची उसळ, मोड न आणता, वर लिंबू पिळून. लिंबानं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. भाताला शिव्या देऊ नका, आपला जिल्हाच धानाचा. फक्त एक वाटी भात आणि दोन वाट्या घट्ट वरण असं माप उलटं करा. चोविहार पाळणारीसाठी चार-साडेचारचा दुसरा छोटा डबा द्या, कॉलेजातच खाऊ दे. आपलं शाकाहारी जेवण, त्यामुळे वर्षातून एकदा हिमोग्लोबिनबरोबर बी-१२ ही तपासून घ्या.

मैत्रिणींचं काय, तेही मुलींना शिकवा. रडत "मला चालत नाही" म्हणायची गरज नाही. "आठला नको, पाचला जाऊया का?" एवढं विचारायचं. चांगल्या मैत्रिणी वेळ बदलतात. न बदलणाऱ्यांबरोबर आठला जायचं, लिंबूपाण्याचा ग्लासही न घेता गप्पा मारायच्या आणि परत यायचं. मैत्री ताटात नसते, हे आपण आपल्या किटी पार्टीतून तरी दाखवतो का त्यांना?

माझं मागणं तीनच गोष्टींचं आहे. संमेलनाच्या फॉर्ममधून "बांधा" हा रकाना काढायला आपापल्या मंडळात सांगा. मुलगी लांबलचक तप करायचं म्हणाली तर आधी तिचं रक्त तपासा आणि महाराजसाहेबांना खरा हेतू सांगून मगच पच्चक्खाण घ्यायला लावा. आणि येत्या पर्युषणात कोणत्याही तपस्वी मुलीला "किती उतरलं?" असं विचारू नका. आपल्याकडे तपस्व्याला विचारायचा प्रश्न पूर्वापार ठरलेला आहे. साता आहे ना? तेवढंच विचारा, आणि उत्तर नीट ऐका.

जय जिनेंद्र.