हे अंतर आपण राखलेलं आहे

पालघर जिल्ह्यात माणसं रोगाने मरतात, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. इथे कित्येक माणसं अंतराने मरतात, आणि त्या अंतराचा दोष एकट्या डोंगराच्या माथी मारता येणार नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये घरोघरी तिरंगा फडकत असताना मोखाड्यातल्या बोटोशीच्या मर्कटवाडीत एक बाई दिवस भरण्याआधीच घरी बाळंत झाली. जुळी मुलं गेली. रक्तस्राव थांबेना, तेव्हा गावकऱ्यांनी तिला झोळीत घालून निसरड्या वाटेने सुमारे ३ किलोमीटर चालत रस्त्यावर आणलं. पेपरात छापून आलं, आपण हळहळलो आणि पान उलटलं.

कागदावरचा हिशेब चोख आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, २० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हा हिशेब डोकी मोजतो, वाट मोजत नाही. नकाशावर जवळ दिसणारं केंद्र भरल्या ओढ्यापलीकडे असेल, तर पाड्यावरच्या बाळंतिणीला त्या दिवशी ते नसल्यातच जमा. २०२० साली संशोधकांनी दवाखाना गाठायला लागणाऱ्या वेळेचा जगाचा नकाशा केला. वाहन असूनही तासाभरात दवाखाना न गाठू शकणारे शंभरातले सुमारे ९ भरले; पायी जायचं तर ४३. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. तेवढ्यात झोळी, मग गाडीची वाट, मग केंद्र, आणि तिथे ऐकायचं, ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे जव्हार, नाशिक, नाहीतर सिल्वासा.

‘डोंगराळ मुलूख, काय करणार?’ हे उत्तर आपल्या ओठांवरच असतं. मग याच मुलखात मध्य वैतरणेचं धरण बांधायला यंत्रं कशी पोचली? तिथलं पाणी मुंबईच्या नळापर्यंत जातं. तारापूरची अणुवीज १९६९ पासून दूरदूर पोचते. सुमारे ७६ हजार कोटींच्या वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ मध्ये झाली. जिथे आपली गरज होती, तिथे डोंगर आडवा आला नाही.

आम्ही पाम, कोलवडे, कुंभवलीची माणसं तारापूरच्या कारखान्यांशेजारी राहतो. बोईसरचे दवाखाने जवळ, म्हणून मोखाड्याचं दुःख आम्हाला परक्या मुलखाचं वाटतं. जुलै २०२५ च्या अखेरीस पालघरहून मुंबईकडे नेली जाणारी एक जखमी बाई महामार्गाच्या कोंडीत दगावली. दुखणं मोठं असलं की आमचाही पाडाच होतो. मग आपल्याच जिल्ह्यातल्या त्या तालुक्यासाठी आम्ही कधी तोंड उघडलं?

आता दया नको, मोजणी हवी. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ पासून ग्रामसभेला बळ दिलं आहे. प्रत्येक ग्रामसभेने भर पावसात आपल्या पाड्यापासून प्रसूतीच्या खाटेपर्यंत किती तास लागतात ते मोजावं, पंचायतीच्या फळ्यावर लिहावं आणि दर पावसाळ्यात तो आकडा कमी झाला का, ते विचारावं. मत मागायला येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करावा. आणि रस्त्याकाठी सुखात राहणाऱ्या आपण तो प्रश्न पाड्यावरच्या माणसांच्या आधी विचारावा. विजेचं बिल नि पाण्याची पट्टी भरली म्हणजे हे देणं फिटत नाही.