उताऱ्याचा हिशेब

सरकारी कारखाना म्हटला की नाक मुरडायची आपल्याकडे रीतच पडली आहे. "विकून टाका एकदाचा!" असे चकली मोडता मोडता सांगणारे शहाणे घरोघर आहेत. त्यांना परळच्या हाफकिनची गोष्ट ऐकवली पाहिजे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळला गव्हर्नराच्या जुन्या बंगल्यात गेली. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव मिळाले. १९७५ मध्ये संशोधन संस्थेकडे राहिले आणि लसी-औषधे बनवायला राज्य शासनाचे वेगळे महामंडळ झाले. आपल्या पोरांच्या जिभेवर पोलिओचे जे थेंब पडले, त्यांत या महामंडळाचेही होते.

पण आमचे भांडण आहे ते सापाच्या विषावरील लशीसाठी. महामंडळाच्या पिंपरीच्या पागेत घोड्यांना विष थोडे थोडे टोचतात. घोडा ते पचवतो आणि त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर तो एकच चालतो. आता सांगा, तो विकत कोण घेणार? जव्हारकडच्या साखरशेतात वाघबारशीच्या सुमारास भाताचे भारे उचलणारी बाई? तिच्या कनवटीला असते काय? तिच्यासाठी तो सरकारनेच घ्यायचा. खासगी कंपन्याही ही लस बनवतात, नाही असे नाही. पण परवडते तोवरच! फ्रान्सच्या बलाढ्य सनोफी कंपनीला आफ्रिकेतल्या सापांवरची लस परवडेना, तिने ती बंद केली. शेवटच्या साठ्याची मुदत जून २०१६ मध्ये सरली. साप मात्र चावायचे थांबले नाहीत.

आणि आपण काय केले? २०१७ मध्ये या महामंडळाच्या गळ्यात सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीचे लोढणे अडकवले. २०२३ मध्ये त्या कामासाठी वेगळे प्राधिकरण काढावे लागले. स्वयंपाकिणीला बाजारात पिटाळायचे आणि भात करपला म्हणून तिलाच बोल लावायचा, त्यातलाच हा प्रकार.

म्हणे नफा दाखवा! आगीच्या बंबाला कोणी नफा विचारतो? हिशेब जरूर मागा, पण असा: कुप्या किती बनल्या, आणि आडगावच्या दवाखान्यात किती पोचल्या? रात्री दोन वाजता जव्हारच्या डॉक्टराच्या हाती कुपी लागली, की कारखाना नफ्यात आहे असे खुशाल समजावे.