दांडीचा घेर कोण मोजणार?

दोन महिन्यांपासून वाचकांच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं आहे: नवी सतार, आणि अंगठ्याला कळ. नाशिकच्या एका शिक्षकांनी पत्रासोबत अकरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या डाव्या पंजाचा कागदावर गिरवलेला आकारच धाडला आहे. तिच्या हाती आलेल्या सतारीच्या दांडीमागे अंगठा टेकत नाही, तो कडेवर चढतो. मनगट मुरडतं आणि उजव्या हाताने भोपळ्यावर पेलायचा तोल डाव्या हातावर येतो. मींड एका स्वरापुढे जातच नाही. घरचे म्हणतात, रियाज कमी पडतो.

रियाज नव्हे, दांडी जाड आहे.

ही सतार त्या शिक्षकांच्या संस्थेने दरपत्रकं मागवून घेतलेली. मागणीपत्रात लांबी, लाकूड, तरफांची संख्या आणि किंमत असे रकाने होते; घेराचा नव्हता. कारागिराने आपणहून बारीक दांडीची एक सतार दाखवली, तर ‘मंजूर नमुन्याशी जुळत नाही’ या शेऱ्यासह ती परत! नमुना मंजूर करताना टेपने लांबी मोजली गेली. मांडी घालून सतार हाती घ्यावी असं समितीत एकालाही सुचलं नाही. दप्तरात सगळं चोख, मुलीचा अंगठा तेवढा सुजलेला.

कारागिरांची अडचणही खोटी नाही. तूनाचं लाकूड पुरतं मुरलेलं नसेल तर बारीक दांडी तारांच्या ताणाने बाक घेते, तारा पडद्यांवरून उचलल्या जातात आणि खेच आणखी जड होते. मुरवायला वर्षं लागतात आणि गिऱ्हाईकाला दर सर्वांत कमी हवा. मग जास्तीचं लाकूड तसंच ठेवलं जातं. ते कबूल न करता ‘सतार अशीच असते’ असं ऐकवणाऱ्यांशी मात्र भांडण आहे.

अशीच कुठे असते? विलायत खाँसाहेबांनी आपल्या बाजासाठी तारा कमी करून सहावर आणल्या. युरोपात बोलोन्याच्या लाउक्स मालरने सोळाव्या शतकात घडवलेल्या ल्यूटना इतका मान होता, की पुढच्या शतकात तारांच्या जोड्या वाढल्यावर वादकांनी जुनं पोट जपलं आणि त्याला नवी, रुंद दांडी जोडून घेतली. वाद्य हाताप्रमाणे बदलायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले मिरजेत आणि आश्रम काढला नाशकात. दोन्ही गावांचं नातं तेवढं जुनं. पण मानांकनाने गावाचं नाव राखलं जातं, बाराच्या आतल्या मुलांसाठी वेगळी दांडी त्यातून आपोआप निघत नाही. ती मागावी लागेल.

तेव्हा शिक्षकांनी आता पत्रं पुरे करावीत आणि दोरा घ्यावा. मेरूजवळ, मध्यावर आणि गुलूच्या अलीकडे, पडद्यांच्या फटीतून दांडीचा घेर मोजावा. त्याच तीन जागी पट्टीने रुंदीही घ्यावी. सोबत विद्यार्थ्याचं वय आणि पंजाची लांबी लिहून ही मापं या महिनाअखेर आमच्या कार्यालयात पोचवावीत. कारागिरांनीही आपापल्या मापांची वही उघडावी. पुढच्या अंकात त्याचा तक्ता छापू. तो मागणीपत्राला टाचून संस्थेत देण्याचं काम शिक्षकांचं.