बिलाला मदत आहे, बिऱ्हाडाला नाही

परळला केईएम, वाडिया आणि टाटा ही रुग्णालयं एकमेकांपासून पायी दहा मिनिटांच्या आत आहेत. केईएम १९२६ चं, मुलांचं वाडिया १९२९ चं, टाटा १९४१ चं. म्हणजे तीन-चार पिढ्या गावोगावचे आईबाप आजारी मूल कडेवर घेऊन आमच्या या वस्तीत उतरताहेत. त्यांनी राहायचं कुठे, हा प्रश्न मात्र आजही धर्मादाय संस्था, दूरचे नातेवाईक आणि फुटपाथ यांच्यावर सोडलेला आहे. ज्या मुलाचा इलाज महिनोन्‌महिने चालतो, त्याच्या कुटुंबाची राहण्याजेवणाची सोय हा इलाजाचाच भाग मानला पाहिजे आणि तिची जबाबदारी शहराने उचलली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते मुद्द्यांनी मांडतो.

१. आधी मुक्काम किती लांबतो ते बघा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्यातल्या नेहमीच्या प्रकाराचा, म्हणजे अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा, इलाज दोन ते अडीच वर्षं चालतो. त्यातले पहिले सहा-आठ महिने जोरकस किमोचे. पण या काळातही बहुतेक दिवस मूल वॉर्डात नसतं. सकाळी डे-केअरमध्ये किमो चढवतात, संध्याकाळी सोडतात, परवा रक्त तपासायला बोलावतात. जालन्याला किंवा गडचिरोलीला जाऊन परवा परत येता येत नाही. किमोनंतर पांढऱ्या पेशी घसरतात. 'काउंट पडले' हे शब्द तिथल्या प्रत्येक आईला पाठ असतात. काउंट पडलेले असताना साधा ताप आला, तरी तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे, असं डॉक्टर बजावतात. दिव्याच्या किंवा नालासोपाऱ्याच्या मामाच्या खोलीत रात्री दीड वाजता ताप चढला, तर लोकल नसते आणि टॅक्सीचे पैसेही नसतात. म्हणून रुग्णालयाजवळची खोली ही मेहेरबानी नव्हे, औषधाइतकीच ती गरजेची आहे.

ती खोली स्वच्छही हवी. शंभर माणसांत दोन संडास, उघड्यावरचं पाणी, शेजारी खोकणारी माणसं. अशा ठिकाणी किमो घेतलेलं मूल ठेवणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. आणि पावसाळ्यात जवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरतं तेव्हा पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेली कुटुंबं कुठे जातात, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारलं आहे?

२. मदत मिळत नाही असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये आहे. मुख्यमंत्री सहायता निधी आहे, सिद्धिविनायक न्यास आहे, टाटांसह अनेक ट्रस्ट आहेत. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण सवलत देते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. पण या बहुतेक मदतीची वाट एकच: पैसा रुग्णालयाच्या खात्यात जमा होतो आणि बिलातून वजा होतो. गैरव्यवहार टळावा म्हणून ते योग्यच आहे. जन आरोग्य योजनेत जेवण आणि परतीचं भाडं धरलेलं आहे, पण दाखल असतानाचं जेवण आणि एका वेळचं भाडं. मूल दाखल नसतं त्या दिवसांचं काय? खोलीचं भाडं, दूध, गॅस, कपडे धुण्याचा साबण, तपासणीला जाण्यायेण्याची टॅक्सी (काउंट पडलेलं मूल गर्दीच्या बसमधून नेता येत नाही) आणि बापाची बुडालेली मजुरी. हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. हिशेब करून बघितलं तर औषधं फुकट मिळूनही शेत गहाण पडतं ते या खर्चापायी. गावी आजीकडे ठेवलेल्या धाकट्या भावंडांची शाळा सुटते ती वेगळीच.

३. मुक्कामाची ही गरज फार आधी ज्यांच्या ध्यानात आली ते गाडगेबाबा. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. तसाच त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांच्या मुक्कामाचाही विचार केला. रुग्णालय हेही गरिबाचं तीर्थच, हे त्यांनी ओळखलं होतं. दादर पूर्वेची त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना ठेवून घेते. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे, समिती १९६८ पासून काम करते. हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत ट्रस्टने टाटासमोर वर्षानुवर्षं लोकांना जेवू घातलं आहे.

२००६ मध्ये निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था मुंबईत सुरू केली. तिची रीत मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या सगळ्या मागण्यांचा नमुना तोच आहे. मूल आणि त्याचे आईवडील, दोघंही, एकत्र राहतात. कुटुंबाला स्वतःची जागा, सामाईक स्वयंपाकघरात स्वतःचा ओटा, शिधा, रुग्णालयात नेण्या-आणण्याची गाडी; राहण्याचं काहीच द्यावं लागत नाही. स्वच्छता मात्र काटेकोर आणि ती आईबापांनीच राखायची. बाहेरच्या जगात असा एक मुक्काम १९७४ मध्ये फिलाडेल्फियाला उभा राहिला. तिथल्या फुटबॉल संघातल्या एका खेळाडूच्या मुलीला ल्युकेमिया झाला, डॉ. ऑड्री एव्हान्स यांनी कुटुंबांसाठी घर हवं असा आग्रह धरला आणि रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस उभं राहिलं.

अशा सोयीचा परिणाम आपल्याकडे मोजलेला आहे. २००९ च्या सुमारास टाटात येणाऱ्या मुलांपैकी साधारण पाचातलं एक उपचार नाकारून किंवा अर्धवट टाकून निघून जात असे. मग रुग्णालयाने मुलांसाठी इम्पॅक्ट हा स्वतंत्र उपक्रम उभारला. औषधाचा खर्च, राहणं, जेवण, समुपदेशन आणि गावी गेलेल्यांचा फोनवर पाठपुरावा हे सगळं एका हाताखाली आलं. काही वर्षांत ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. नवं औषध लागलं नाही की नवं यंत्र लागलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी निदान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट २०१८ मध्ये ठेवलं; श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक वाचतात. हे अंतर कापायचं असेल तर अर्ध्यावरून परत जाणारं प्रत्येक मूल थांबवावं लागेल.

४. आता आपल्या घरातली गोष्ट. मे २०२१ मध्ये म्हाडाने करी रोडच्या 'सुखकर्ता' आणि 'विघ्नहर्ता' या इमारतींतली शंभर घरं रुग्णांच्या नातेवाइकांसाठी टाटाकडे दिली. तेव्हाचे गृहनिर्माणमंत्री जितेंद्र आव्हाड यांचा पुढाकार होता, चाव्या शरद पवार यांच्या हस्ते दिल्या गेल्या. रहिवाशांनी हरकत घेतली, स्थानिक आमदारांनी ती वर नेली आणि जूनमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्णयाला स्थगिती दिली. लगोलग भोईवाड्यात बॉम्बे डाइंगच्या जागेवरच्या इमारतीत शंभर घरं द्यायचं जाहीर झालं.

त्या रहिवाशांना मी दगडाच्या काळजाचे म्हणणार नाही. चाळीच्या पुनर्विकासात वर्षानुवर्षं ताटकळून त्यांना घर मिळालं होतं. मजल्यामजल्यावर रोज बदलणारी अनोळखी माणसं, तीच लिफ्ट, तोच जिना, आणि वर कोविडचे दिवस. कुणाशी न बोलता, वरून ठरवून हे झालं असेल तर ते चिडणारच. रुग्णांच्या कुटुंबांचा मुक्काम स्वतंत्र इमारतीत, स्वतंत्र प्रवेशाचा, चोवीस तास व्यवस्थापक असलेला हवा. नुसत्या चाव्या दिल्याने धर्मशाळा होत नाही.

५. पण त्या हरकतीतला एक भाग खोडून काढलाच पाहिजे. कॅन्सर लागत नाही. स्पर्शाने नाही, एका लिफ्टमधून गेल्याने नाही, एका नळाचं पाणी प्यायल्याने नाही. खरा धोका उलट दिशेने आहे: आपल्या सर्दीचा, आपल्या मुलांच्या कांजिण्यांचा धोका त्या मुलाला. टक्कल पडलेलं, तोंडाला मास्क लावलेलं पोर बघून आपण आपलं मूल मागे ओढतो. ते मास्क त्या पोराने स्वतःला आपल्यापासून जपण्यासाठी लावलेलं असतं. सोसायटीच्या सभेत एवढं सांगायला रुग्णालयातल्या एखाद्या सोशल वर्करला किंवा डॉक्टरला बोलवा. अर्धा विरोध तिथेच गळून पडेल.

६. गिरणगावाने ही परीक्षा पूर्वी दिलेली आहे. आजरा, चंदगड, पाटण, राजापूर अशा तालुक्यांतल्या गावांनी लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या खोल्या घेतल्या होत्या. गिरणीत लागायला आलेला पोरगा आधी तिथे उतरायचा, ट्रंक ठेवायचा आणि पाळीप्रमाणे वळकटी पसरायचा. जेवायला खानावळवाली बाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. म्हणजे परगावच्या माणसाला निवारा आणि जेवण देण्याची व्यवस्था या वस्तीत सरकारी आदेशाशिवाय उभी राहिली होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या आणि त्या व्यवस्थेचा पाया सुटला.

पण जमीन कुठे गेली? १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला ठरला होता. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती ठेवली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. सार्वजनिक वाटा आक्रसला, पण नाहीसा झालेला नाही. त्यावर पहिला हक्क गिरणी कामगारांच्या घरांचा, त्यात कुणी हात घालू नये. त्याव्यतिरिक्त म्हाडा आणि महापालिकेच्या ताब्यात असलेल्या जागांपैकी काही जागा विकास आराखड्यात 'रुग्ण-कुटुंब निवास' म्हणून कायमच्या राखून ठेवा. कॉटन ग्रीनला बंदराच्या जुन्या इमारती दुरुस्त करून मुलांच्या मुक्कामासाठी वापरल्या गेल्या आहेत, तेव्हा हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. खाजगी रुग्णालयांना जादा चटईक्षेत्र देताना त्यातला काही भाग मुक्कामासाठी बांधण्याची अट घाला.

७. 'सगळ्यांनी मुंबईलाच का यायचं, जिल्ह्यात रुग्णालयं काढा', असं एक उत्तर नेहमी मिळतं. काढायलाच हवीत. वाराणसी, मुझफ्फरपूर, संगरूर, गुवाहाटी इथे टाटा स्मारक केंद्राची रुग्णालयं झाली, बार्शीला नर्गिस दत्त रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. इलाजाचा नंतरचा, सौम्य टप्पा घराजवळ व्हावा यासारखी चांगली गोष्ट नाही. पण अस्थिमज्जा प्रत्यारोपण, डोळ्यातल्या गाठीचा इलाज, हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय वाचवणारी शस्त्रक्रिया यांसाठी लागणारे हात आणि यंत्रं प्रत्येक जिल्ह्यात असणार नाहीत. शिवाय ती रुग्णालयं होईपर्यंत आज रात्री फुटपाथवर असलेल्या मुलाने थांबायचं का?

८. पैशाचं बोलू. क्षयरुग्णाला पोषणासाठी सरकार थेट खात्यात पैसे देतं. निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. म्हणजे जेवण हा इलाजाचा भाग आहे हे सरकारने एका रोगापुरतं तरी तत्त्व म्हणून मान्य केलं आहे. तेच तत्त्व जिल्ह्याबाहेर इलाज घेणाऱ्या कॅन्सरग्रस्त मुलांना लावा. आणि राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. त्या निधीतून मुलाच्या आणि एका पालकाच्या मुक्कामाचा खर्च करता येईल, अशी स्पष्ट तरतूद धर्मादाय आयुक्तांनी करावी.

९. दानशूर माणसांना एक विनंती. वाढदिवसाला रुग्णालयासमोर वडापाव, बिस्किटं, ब्लँकेट वाटणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. पण किमोने तोंड सोलवटलेल्या मुलाला वडापाव खाता येत नाही आणि काउंट पडलेले असताना बाहेरचं काहीच चालत नाही. त्याला आईने आत्ता शिजवलेला मऊ भात हवा असतो, आणि बिहारच्या, बंगालच्या, विदर्भातल्या आईची चव वेगवेगळी. म्हणून गॅस भरून द्या, कुकर द्या, डाळ-तांदूळ द्या. एका कुटुंबाचा सहा महिन्यांचा मुक्काम उचला. तो एका दिवसाच्या वाटपाइतका फोटोत दिसणार नाही, पण मूल इलाज पुरा करील.

१०. शेवटचा मुद्दा आपल्या मंडळांसाठी. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं. राजाच्या मंडळाने डायलिसिस केंद्र चालवून दाखवलं आहे. आता लालबाग, परळ, दादर आणि गिरगावच्या मंडळांनी मिळून मुक्कामाचा एकेक मजला वर्षभरासाठी उचलावा: व्यवस्थापकाचा पगार, सफाई, गॅस, रुग्णालयाची गाडी. कार्यकर्ते आहेत, हिशेब ठेवणारे आहेत, देणगीदार आहेत, जागा नाही. ती एफ दक्षिण विभागाच्या हद्दीत कुठे-कुठे पडून आहे याची यादी विभाग कार्यालयाने लावावी: पालिकेची, म्हाडाची, बंद पडलेल्या मराठी शाळांच्या वर्गांसकट. यादी लागली की मंडळांच्या अध्यक्षांनी आणि टाटा, केईएम, वाडियाच्या समाजसेवा विभागांनी एका टेबलाशी बसून कोणती इमारत आधी घ्यायची ते ठरवावं. येत्या पावसाळ्याच्या आत, हिंदमाता भरण्यापूर्वी.