पडद्यावरचा पाठ

मराठीच्या प्राध्यापकाने स्वतः प्रोजेक्टर लावणे ही आपल्याकडे अजूनही काहीशी कमीपणाची गोष्ट मानली जाते. ते काम शिपायाचे, फार तर संगणक-प्रयोगशाळेतल्या साहाय्यकाचे. प्राध्यापकमहाशयांनी पेनड्राइव्ह त्याच्या हाती द्यावा, पडदा उजळेपर्यंत संयोजकांशी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात आणि मग 'पुढे घ्या' म्हणत व्याख्यान उरकावे, अशी रीतच पडून गेली आहे. या रीतीला आमचा विरोध आहे. पडद्यावर कविता उमटते तेव्हा तो त्या कवितेचा एक पाठ असतो. हस्तलिखिताचा जसा लेखनिक असतो, तसा या पाठाचाही असतो, आणि आपण ते लेखनिकपद नकळत एका यंत्राला आणि ते चालवणाऱ्या भल्या माणसाला देऊन टाकलेले आहे.

हे शहाणपण आम्हांला उशिरा आणि लाजिरवाण्या मार्गाने सुचले. मुक्तछंदातील ओळ कुठे मोडते आणि का मोडते, या विषयावर आम्ही पदवीच्या वर्गात एक तास घेतला होता. कविता घरच्या संगणकावर एका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेली. वर्गातल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, त्यामुळे कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा बुजबुजाट दिसला. घाईघाईने कुणीतरी ती युनिकोडात पुन्हा टंकून दिली. पण पाटीवरची चौकट अरुंद होती. लांब ओळी आपोआप दुमडल्या, तीन ओळींच्या पाच झाल्या. आम्ही पडद्याकडे पाठ करून, पुस्तकात पाहून बोलत राहिलो. विद्यार्थी पडद्यावरून उतरवून घेत राहिले. सत्राअखेर उत्तरपत्रिका तपासताना कळले, की ओळ मोडण्यामागचे कवीचे मर्म उलगडताना कित्येकांनी जिथे चौकट संपली होती तिथल्या मोडीचे मोठे रसाळ विवेचन केले होते. त्यांना गुण काय द्यायचे? चूक त्यांची नव्हती. आम्ही गुण दिले.

तेव्हापासून प्रोजेक्टर आम्ही स्वतः लावतो, आणि तासाच्या आधी पंधरा मिनिटे जाऊन लावतो. या खटाटोपातल्या काही गोष्टी साहित्याच्या माणसाने जाणून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट टेबलाची. प्रोजेक्टर बुटक्या टेबलावर ठेवून त्याचे तोंड वर केले, की चित्र वर रुंद आणि खाली अरुंद होते. मग यंत्रातली 'कीस्टोन' नावाची सोय वापरून ते चौकोनी केले जाते. दिसायला चौकोनी होते खरे. पण यंत्र हे करते ते आपल्याजवळच्या ठरावीक ठिपक्यांपैकी काही गाळून. रोमन अक्षरांना त्याचा फारसा जाच होत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार अशी तिमजली वस्ती असते, आणि झळ बसते ती वरच्या मजल्याला. जुन्या मराठीत तर अनुस्वारावर विभक्तीच उभी असते: 'देवें' आणि 'देवे', 'घरीं' आणि 'घरी'. ज्ञानेश्वरी शिकवताना तो ठिपका अंधुक झाला तर मागच्या बाकावरचा विद्यार्थी कर्ता शोधत बसतो. टेबलाखाली दोन जाड ग्रंथ सारून यंत्र पडद्याच्या समोर, सरळ रेषेत आणले तर हे टळते. (विभागात अशा उपयोगाचे ग्रंथ पुष्कळ असतात.)

तीच गोष्ट ठिपक्यांच्या संख्येची. कित्येक वर्गांतल्या जुन्या यंत्रांत १०२४ गुणिले ७६८ ठिपके असतात. लॅपटॉप भलत्याच आकड्यावर लावलेला असेल तर यंत्र ओढाताण करून चित्र बसवते आणि अक्षरांच्या कडा भुरकट होतात. दोन्ही आकडे जुळवून घ्यायला अर्धे मिनिट पुरते. विंडोज आणि पी ही दोन बटणे एकत्र दाबली, की लॅपटॉपचा पडदा तसाच समोर दाखवायचा की समोरचा पडदा वेगळा ठेवायचा, हे निवडता येते. दुसरा पर्याय घेतला तर आपली टिपणे आपल्यापुरती राहतात आणि समोर फक्त संहिता जाते.

फॉन्टाविषयी आमचे मत आता कडवे झाले आहे. युनिकोड, आणि तेही मराठी वळणाचे ल आणि श असलेले. 'वाऱ्या'चा 'वार्या' होत नाही ना, हे प्रत्यक्ष त्या वर्गातल्या संगणकावर पाहावे; घरी पाहून उपयोग नाही. त्याहून सुरक्षित म्हणजे पानाची पीडीएफ करून नेणे. तीत ओळ दुमडत नाही. पॉवरपॉइंटमध्ये मजकूर चौकटीत मावेनासा झाला की अक्षर आपोआप बारीक करण्याची एक सोय असते, ती बंद करावी. कविता मावत नसेल तर दोन पानांवर घ्यावी आणि कडवे कुठे तोडायचे ते आपण ठरवावे. संपादक तेच करतो.

दिव्यांचे सांगायचे तर पडद्यावरची एक नळी बंद केली की बहुधा भागते. सबंध वर्ग काळोखात बुडवला तर वही दिसत नाही आणि दुपारी तीनचा तास असेल तर झोप अटळ.

आता मुद्द्यांच्या त्या गोळ्या. पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिन्टॉशवर आले ते कचेऱ्यांतल्या सादरीकरणांसाठी. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ साली त्यावर एक पुस्तिकाच लिहिली. गोळीबंद मुद्द्यांमध्ये विचारांतले परस्परसंबंध गळून पडतात, हा त्यांचा एक आक्षेप. साहित्याच्या वर्गात हा आक्षेप दुप्पट लागू पडतो. 'निसर्गप्रेम', 'सामाजिक जाणीव', 'प्रतिमांचे वैभव' अशा तीन गोळ्या पडद्यावर पडल्या, की कविता वाचण्याची गरजच संपते. विद्यार्थी त्या उतरवतात, आपण त्या वाचून दाखवतो, आणि एवढ्या उजेडात कवितेची एक ओळही कुणाच्या नजरेस पडत नाही.

मग यंत्र नकोच, असे म्हणणारे आमचे ज्येष्ठ मित्र आहेत. खडू आणि कंठ एवढ्यावर त्यांनी तीस वर्षे उत्तम शिकवले. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही आम्हांला हे पटत नाही. महानुभावांची सकळ लिपी तोंडाने कशी सांगणार? त्या सांकेतिक लिपीतले एक पान पडद्यावर आले आणि साठ जणांनी मिळून त्यातली अक्षरे लावायला घेतली, की 'लीळाचरित्रा'च्या पाठांचा प्रश्न विद्यार्थ्याला न समजावता समजतो. आंबेजोगाईची दासोपंतांची पासोडी घ्या. कापडावर लिहिलेला तो ग्रंथ सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. दोन मीटर रुंदीच्या पडद्यावर ती सबंध दाखवू गेलो तर जेमतेम वीतभर उंचीची पट्टी दिसते आणि अक्षर एकही नाही. अक्षर दाखवू गेलो तर पासोडी नाहीशी होते. ही अडचण लपवू नये. आधी पट्टी, मग तुकडा, असे दोन्ही दाखवले की ग्रंथ म्हणजे पान, ही आपली समजूत किती अलीकडची आहे यावर वर्ग बोलू लागतो.

आणि चित्र दाखवत बोलणे आपल्याला परके कुठे आहे? पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून कथा गात आले. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर टाकायची आणि सोबत कथा सांगायची. चित्रात जे होते ते पुन्हा वाचून दाखवण्याची पाळी त्या निवेदकांवर येत नव्हती, कारण चित्रावर मुद्दे लिहिलेले नव्हते. चित्र दाखवी आणि माणूस सांगे. ही वाटणी आम्ही वर्गात पाळू पाहतो. पडद्यावर संहिता, हस्तलिखित किंवा नकाशा. आपले म्हणणे तोंडी. कविता मोठ्याने वाचायची वेळ आली की पॉवरपॉइंट चालू असताना 'बी' हे बटण दाबावे, पडदा काळा होतो. पुन्हा दाबले की पान परत येते. हे बटण ठाऊक नसलेले वक्ते आम्ही पुष्कळ पाहिले, आणि ठाऊक असून न वापरणारे त्याहून अधिक.

तास संपल्यावर मुख्य बटण खटकन बंद करू नये. दिव्याचे यंत्र असेल तर आतला पंखा थांबेपर्यंत ते गार होऊ द्यावे. लेझरच्या नव्या यंत्रांना एवढे लाड लागत नाहीत. त्या दोन मिनिटांत विद्यार्थी टेबलापाशी येतात आणि वर्गात न विचारलेले प्रश्न विचारतात, म्हणून आम्हांला जुने यंत्रच बरे वाटते. तूर्त आमच्यापुढची अडचण निराळी आहे: प्रोजेक्टरच्या कपाटाची किल्ली संगणक विभागाकडे असते, आणि ती मराठी विभागाकडे मागणारा अर्ज आम्ही गेल्या सत्रात दोनदा दिला आहे.