अर्ज कोणाकडे करायचा होता?

दरवर्षी १९ डिसेंबर उजाडला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील व्यासपीठांवरून मुक्तिसंग्रामाचा इतिहास कथन केला जातो. पत्रादेवीचा गोळीबार सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी बंदुका चालविल्या आणि वीसहून अधिक माणसे धारातीर्थी पडली. त्यांच्या स्मृतीस वंदन करूनच आम्ही पुढील मजकूर लिहीत आहोत. आमची तक्रार आहे ती त्या गोळीबारानंतरच्या सहा वर्षांविषयी वक्ते जे मौन पाळतात त्याविषयी. १९५५ च्या ऑगस्टनंतर वक्ता एकदम १९६१ च्या डिसेंबरात उडी घेतो. मधल्या काळात सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली आमची घराणी कशी जगली, याचा उच्चारही होत नाही.

पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली त्याआधी काही वर्षे. राज्य बदलले, पण सोयरीक बदलली नाही. मुलगी बांद्याला द्यावी, सून आरोंद्याहून आणावी, कुळाचाराला रेडीच्या माउलीकडे जावे, आणि जत्रेला दशावतारी मंडळी पलीकडून यावीत, असा हा व्यवहार पावणेदोनशे वर्षे चालला. दोडामार्ग ही डिचोलीकरांना परमुलुखाची वेस कधी वाटलीच नाही. तेरेखोलची नदी ओलांडणे म्हणजे प्रवास, असे म्हटले असते तर आमच्या आज्या हसल्या असत्या.

मग कचेऱ्या बंद झाल्या. स्वतंत्र भारताने १९४९ साली लिस्बनमध्ये वकिलात उघडली ती गोव्याचा प्रश्न वाटाघाटीने सुटावा म्हणून. सालाझारने चर्चेलाच नकार दिला, १९५१ साली राज्यघटनेत फेरफार करून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ असे गोंडस नाव दिले, आणि १९५३ साली भारताने ती वकिलात बंद केली. १९५५ च्या उन्हाळ्यानंतर दिल्लीतील पोर्तुगीज वकिलातीलाही गाशा गुंडाळावा लागला आणि पणजीतील भारताची वाणिज्य वकिलातही बंद झाली. मुरगावची आगगाडी थांबली, सीमेवर पहारे बसले. गोव्यातील भारताचे हितसंबंध इजिप्तकडे आणि भारतातील पोर्तुगालचे हितसंबंध ब्राझीलकडे सोपविण्यात आले.

राजनीतीच्या ग्रंथांत ही रीत सभ्यपणाची मानली आहे. दोन राष्ट्रांनी एकमेकांशी बोलणे टाकले की तिसऱ्याने निरोप पोचवावा, हे १९६१ च्या एप्रिलात व्हिएन्नाच्या करारातही नमूद झाले. पण निरोप पोचविणारा अर्जदाराला दारातून आत घेत नाही. पेडण्याच्या माणसाला बांद्याच्या बहिणीकडे जाण्यासाठी ज्या दोन सरकारांची संमती हवी, त्या सरकारांच्या मधोमध आता कैरो आणि रिओ येऊन बसले होते. पोर्तुगीज भारताची विमान कंपनी त्याच वर्षी निघाली आणि तिची विमाने दाबोळीहून कराचीला जाऊ लागली. हाती पैसा असलेला गोमंतकीय कराचीमार्गे जगात कोठेही जाऊ शकत होता. बांदा मात्र त्याच्या आवाक्याबाहेर होते.

आमच्याच घरातील एक प्रसंग सांगतो. आमची आत्या बांद्याला दिलेली. १९५७ च्या पावसाळ्यात आमचे आजोबा पेडण्यात अंथरुणाला खिळले. कोणा भल्या माणसाच्या हाती तिला चिठ्ठी गेली. तिने परवान्यासाठी सीमेवरील एका कचेरीत अर्ज दिला. तेथील कारकुनाने विचारले, ‘पलीकडच्या सरकारने तुम्हांला आत घेण्याचे कबूल केल्याचा कागद कोठे आहे?’ तो कागद देणारी कचेरी पलीकडे, आणि पलीकडे जाण्यासाठीच तर परवाना हवा होता. आजोबा गेले. बाराव्याला आत्या आली नाही. पुढे नियम थोडे सैल झाले आणि ती आली, तेव्हा वर्षश्राद्धही उलटून गेले होते.

हे सांगू लागलो की दोन बाजूंनी दटावणी येते. पहिले दटावणारे आमचे मुक्तिसंग्रामप्रेमी मित्र. ते म्हणतात, नाकेबंदीच्या हालांविषयी बोलणे म्हणजे सालाझारची तळी उचलणे. सीमावासीयांनी जे सोसले तो राष्ट्रासाठी केलेला त्याग होता. आम्ही नम्रपणे विचारतो, त्याग म्हणायचा तर त्याची नोंद कोठे आहे? तुरुंगवास भोगलेल्यांची नोंद आहे, ताम्रपट आहेत, आणि ते योग्यच आहे. पण मुंबईहून येणारी मनिऑर्डर बंद झाल्यावर ज्या घरात पेज पातळ झाली, त्या घराचे नाव कोणत्या सूचीत आहे? नेहरूंच्या सरकारने सैन्य न पाठवता निर्बंधांचा मार्ग पत्करला. त्यामागचा संयम आम्हांला कळतो. तथापि त्या संयमाची किंमत दिल्लीने मोजलेली नाही. ती सातार्डे, पत्रादेवी आणि दोडामार्गावर मोजली गेली, आणि बहुतांशी बायकांनी मोजली, कारण माहेर-सासर सीमेने तुटले ते त्यांचे. इतके बोलल्याने सालाझार थोर ठरत असेल, तर आमचा मुक्तिसंग्राम फारच कच्च्या पायावर उभा आहे असे म्हणावे लागेल.

दुसरे दटावणारे जुन्या अमदानीचे गोडवे गाणारे. नाकेबंदी म्हणे फुकट गेली, बाजारात हॉलंडचे बटाटे आणि सिलोनचा चहा मिळत होता, डिचोलीच्या खाणींचे खनिज जपानला जात होते. मिळत होते, जात होते; खोटे नाही. ज्याच्या हाती खाणीचा पैसा होता त्याने ते बटाटे खाल्ले. बटाट्यांनी मेलेल्या बापाचे मुख दिसत नाही. शिवाय ही सारी कोंडी ज्या हट्टामुळे उद्भवली, तो हट्ट लिस्बनचा होता, हे ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात.

याच काळातील एक विसंगती आम्हांला फार बोचते. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. विषय होता दमणहून दादरा-नगरहवेलीस जाण्याचा हक्क. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाडांसारख्या धुरंधरांनी मांडली. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना १९५४ साली जाण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता, आणि भारताने कर्तव्यभंग केलेला नाही. चार वर्षे जगातील नामांकित विधिज्ञ वाटेच्या हक्काचा कीस काढीत होते. त्याच चार वर्षांत पेडण्याच्या लेकींच्या वाटेविषयी एकाही न्यायासनापुढे एक ओळ वाचली गेली नाही. पोर्तुगालला त्यांची पर्वा नव्हती, आणि भारताच्या लेखी ती सीमाच मुळात अमान्य होती. दोन्ही भूमिका आपापल्या जागी सुसंगत! आमची आत्या त्या दोहोंत बसत नव्हती, एवढेच.

३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत मारिओ सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांनी करारावर सह्या केल्या आणि संबंध पूर्ववत झाले. आज पणजीत पोर्तुगालची वाणिज्य वकिलात आहे. पेडण्याहून तासाभरात तेथे पोचता येते, आणि आमच्याच घराण्यांतील नातवंडे तेथे कागद घेऊन जातात. त्यांना नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या घरांनी कचेरी नसण्याचे दुःख भोगले, त्यांच्या मुलांना कचेरीचे मोल अधिक वाटले तर नवल नाही.

आमची मागणी साधी आहे. त्या सहा वर्षांतील परवाने, अर्ज, नकारपत्रे, कोणाच्या तरी हाती आलेल्या चिठ्ठ्या अजून आपल्या माळ्यांवर आणि पेटाऱ्यांत आहेत. वाळवीच्या आधी त्या बाहेर काढाव्यात, त्यांच्या नकला मंडळाकडे द्याव्यात आणि मूळ प्रती पणजीच्या अभिलेखागारात जाव्यात. ज्यांना ते दिवस आठवतात अशी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्यापाशी या दिवाळीपूर्वीच जाऊन बसले पाहिजे. आत्याच्या अर्जाची मोडीमिश्रित नक्कल आमच्यापाशी आहे. तिच्यावर कोणताही शेरा नाही, शिक्का नाही. ती आम्ही या लेखासोबत संपादकांकडे पाठवीत आहोत.